आभासी चित्रशाळा आणि चित्रतुरगन्याय

कलाकृति पाहणें याचा अर्थ आजवर तिच्याकडे जाणें असा होता. अजिंठ्याचीं चित्रें पाहावयाचीं तर वाघूर नदीच्या दरीपर्यंत वाट तुडवावी लागे. विठोबाचें मुख पाहावयाचें तर पंढरीस जाऊन रांगेंत तासच्या तास तिष्ठावें लागे. पाहणारानें चालावें आणि पाहावयाच्या वस्तूनें स्वस्थानीं स्थिर राहावें, हा उभयतांमधला करार इतका पुरातन आहे कीं, तो एक करार आहे याचेंहि आपणांस विस्मरण पडलें होतें. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या अटी उलट होऊं लागल्या आहेत. आतां पाहणारा आपल्या खुर्चींत बसून राहतो आणि चित्र, मूर्ति, लेणें, किंबहुना सबंध चित्रशाळाच त्याच्या डोळ्यांपुढें चालत येते.

ही किमया आतां नवलाची राहिलेली नाहीं. संगणकाच्या पडद्यावर, किंवा डोळ्यांवर बांधावयाच्या एका जाडजूड चष्म्यांत, एखाद्या वस्तुसंग्रहालयाची हुबेहूब प्रतिसृष्टि उभी करतां येते. मान वळविली कीं दालन वळतें. पाऊल टाकल्याची खूण केली कीं भिंत जवळ येते. एखाद्या चित्रावर बोट ठेविलें कीं तें मोठें होऊन आपली जन्मकथा सांगूं लागतें. छायाचित्रांत किंवा चित्रपटांत पाहणारा बाहेरच असतो. येथें तो आंत शिरतो, आणि त्याच्या हालचालीस त्या सृष्टीकडून उत्तर मिळतें. या सृष्टीस आपण आभासी म्हणतों. तींत हिंडून आलेल्या मनुष्यानें तीं चित्रें पाहिलीं असें म्हणावें कीं नाहीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहतां हा शब्दांचा खल वाटेल. परंतु ‘पाहिलें’ असें म्हणण्यांत एक हक्क असतो, आणि त्या हक्कामागून एक कर्तव्यहि चालत येतें. म्हणून हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच नीतीचाहि आहे.

चित्रानें आपली जागा सोडून लोकांकडे जावें, हा प्रकार आमच्याकडे अगदींच अपूर्व नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, आणि राजवाड्यांच्या भिंतींवर शोभणाऱ्या लक्ष्मी-सरस्वती बिऱ्हाडाबिऱ्हाडांतल्या देवघरांत येऊन बसल्या. त्याच सुमारास, १८९२ सालीं, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या झोतानें पडद्यावर मोठीं करून दाखवावयाचीं आणि तीं हालतीं-बोलतीं भासवावयाचीं, असें त्या खेळाचें स्वरूप होतें. शांबरिक म्हणजे मायावी. खेळ मायेचा आहे हें त्याच्या नांवांतच सांगून टाकलें होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम पडणार आहे.

आजच्या युगांतील या खेळाची व्याप्ति मात्र जगाएवढी आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील प्राचीन चित्रकारांच्या चित्रशाळेनें २००७ सालीं ‘सेकंड लाइफ’ नांवाच्या आभासी जगांत आपली सबंध इमारत साडेसातशें चित्रांसह पुन्हां उभारली. फेब्रुवारी २०११ मध्यें गूगल कंपनीनें १७ संग्रहालयांच्या सहकार्यानें त्यांचीं दालनें घरबसल्या हिंडण्याची सोय केली, आणि पुढच्याच वर्षीं दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय व तेथील आधुनिक कलेचें राष्ट्रीय दालन हीं दोन्हीं त्या उपक्रमांत सामील झालीं. आपल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संगणक-संस्थेनें ‘जतन’ नांवाची प्रणाली तयार केली. तिच्या साहाय्यानें आपल्या देशांतील संग्रहालयांच्या वस्तू इंटरनेटवर पाहावयास मिळूं लागल्या. २०२० सालीं महामारीनें जगभरच्या चित्रशाळांचीं दारें बंद केलीं, तेव्हां तर ही एकच वाट उघडी उरली होती. तेव्हां ही रीति बरी कीं वाईट, असा ढोबळ प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेली आहे. ती रीति आली आहे आणि राहणार आहे. तिच्याशीं आपण कसें वागावें एवढेंच ठरवावयाचें उरलें आहे.

या विचाराचा खरा कस अजिंठ्यास लागतो. २८ एप्रिल १८१९ या दिवशीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अंमलदारानें शिकारीच्या नादांत हीं लेणीं पाहिलीं, आणि दहाव्या लेण्यांत आपलें नांव व तारीख खरडून ठेविली. पुढें त्या चित्रांच्या प्रती करण्याचा उद्योग सुरू झाला. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ च्या सुमारापासून वर्षानुवर्षें तेथें राहून मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेंच काम नव्यानें केलें. त्यांच्याहि कित्येक प्रती १८८५ सालीं लंडनमध्येंच अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्या हाताखालीं नंदलाल बोस व असितकुमार हालदार यांच्यासारख्या तरुण चित्रकारांनीं काम केलें. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३२ सालीं अजिंठ्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शंभरांहून अधिक वर्षें माणसें त्या भिंतींपुढें बसून तेंच चित्र पुन्हां पुन्हां काढीत आलीं आहेत. आजचा आभासी अजिंठा हा त्याच मालिकेंतील शेवटचा मणि होय.

या इतिहासांतून दोन बोध निघतात, आणि ते परस्परांच्या विरुद्ध दिशांस जातात. पहिला असा कीं, प्रती करणें हें प्रेमाचें काम आहे. नक्कल म्हणजे लबाडी असें सरसकट समजणें हा तेरा वर्षें भिंतींपुढें खपणाऱ्या त्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. दुसरा असा कीं, प्रेमानेंहि वस्तु मरते. प्रती करणारांनींच चित्रें उठून दिसावींत म्हणून त्यांवर वार्निश फासलें. तें कालांतरानें पिवळें पडून मूळ रंगांवर पडद्यासारखें बसलें. नंतर आलेल्या प्रेक्षकांच्या श्वासानें, घामाच्या वाफेनें, दिव्यांच्या प्रकाशानें भर घातली. फ्रान्समध्यें लास्को येथील आदिमानवाचीं गुहाचित्रें १९४८ सालीं लोकांस खुलीं झालीं आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १९६३ सालीं, प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासानेंच तीं बिघडत आहेत असें दिसून आल्यामुळें कायमचीं बंद करावीं लागलीं. सतरा हजार वर्षांच्या आसपास अंधारांत सुखानें राहिलेलें चित्र आपल्या कौतुकाचीं वीस वर्षें सोसूं शकलें नाहीं! अशा वेळीं आभासी गुहेंत हिंडणारा मनुष्य मूळ गुहेवर दयाच करीत असतो, असें म्हणणें भाग पडतें. तेथें कितीहि लोक आले तरी भिंतीस घाम फुटत नाहीं.

परंतु आभासी चित्रशाळेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वस्तूच्या रक्षणाचा नसून माणसाच्या हक्काचा आहे. चंद्रपुराहून अजिंठा पांचशें किलोमीटरांच्या घरांत पडतो. दिल्ली त्याच्या दुपटीनें. गडचिरोलीच्या रानांतील एखाद्या आश्रमशाळेच्या मुलीस पद्मपाणीचें चित्र केव्हां दिसणार? जो अपंग आहे, जो वृद्ध आहे, ज्याच्या खिशांत एस. टी. च्या भाड्यापलीकडे पैसा नाहीं, त्यानें कलेच्या दारांत कोणत्या तोंडानें उभें राहावें? आणि दार केवळ अंतरामुळें वा गरिबीमुळेंच बंद असतें असें नाहीं. चोखामेळ्याची समाधि पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे. विठोबाचें तें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें. शेंकडों वर्षें या देशांतील मोठ्या जनसमूहास मूर्तीच्या सौंदर्यापासून आपण हातभर नव्हे, कोसभर दूर ठेविलें. म्हणून ‘अस्सल तें अस्सल, नक्कल ती नक्कल’ असें जो मोठ्या ऐटींत म्हणतो, त्यानें प्रथम अस्सलाच्या दारावर कोण उभा होता आणि कोणाला परतवीत होता, याचा जबाब दिला पाहिजे. तो जबाब न देतां केलेली आभासाची निंदा ही पोट भरलेल्यानें उपवासाची महति गाण्यासारखी आहे.

असो. येथपर्यंतचा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. आतां दुसरी बाजू पाहूं. आभासी चित्रशाळेंत नेमकें काय हरवतें? कोणी म्हणतील, रंगांची खरी छटा. कोणी म्हणतील, आकाराची भव्यता. कोणी दगडाचा गारवा आणि वटवाघुळांचा वास सांगतील. हीं सर्व न्यूनें खरीं आहेत, पण तीं यंत्राचीं आहेत आणि यंत्र दिवसेंदिवस सुधारत आहे. रंगाच्या बाबतींत तर कांहीं ठिकाणीं तें मूळ अनुभवासहि मागें टाकतें. गूगलच्या त्या उपक्रमांत कांहीं चित्रें अब्जावधि बिंदूंनीं टिपलीं आहेत, आणि त्यांतील कुंचल्याचा एकेक फराटा दिसतो तसा संग्रहालयाच्या दोरीपलीकडे उभ्या असलेल्या मनुष्यास दिसणें शक्य नाहीं. तेव्हां आक्षेप यंत्राच्या अपुरेपणावर रचला तर तो उद्यां ढांसळेल. खरा आक्षेप यंत्र परिपूर्ण झालें तरी टिकणारा असला पाहिजे.

तसा आक्षेप आमच्या मतें एकच आहे. आभासी सृष्टि पाहणाराची आज्ञा पाळते. कलाकृति पाळीत नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत उन्हांतून आंत शिरणारास प्रथम कांहींच दिसत नाहीं. डोळ्यांस अंधाराशीं जुळवून घ्यावें लागतें. मग हळूहळू गर्भगृहाच्या दाराशेजारचा तो खालीं पाहणारा चेहरा वर येतो. तो आपल्या सवडीनें येतो, आपल्या नव्हे. त्या दोन-चार मिनिटांत पाहणारा लहान झालेला असतो, आणि लहान झाल्यामुळेंच त्यास कांहीं मोठें दिसतें. आभासी लेण्यांत हा क्रम उलटतो. तेथें उजेड कमी वाटला तर वाढवितां येतो, कंटाळा आला तर पुढच्या भिंतीवर उडी मारतां येते. ड्रेस्डेनची चित्रशाळा ज्या जगांत उभारली त्यांत तर माणसास चक्क उडतांहि येतें! जेथें सर्व कांहीं आपल्या बोटाच्या टोकावर नाचतें, तेथें आपण राजे होतों. आणि राजांस दरबारांत पुष्कळ गोष्टी दाखविल्या जातात, पण त्यांना फार थोड्या दिसतात, असा इतिहासाचा दाखला आहे.

याच्या उलट एक देशी उदाहरण पाहण्यासारखें आहे. सिंधुदुर्गांतील पिंगुळी गांवीं ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं रंगविलेलीं चित्रें पोथीसारखीं जमवून ठेवतात. वीणा-टाळ-हुडुक यांच्या साथीवर कथेकरी गात जातो आणि कथेच्या ओघांत एकेक चित्र समोर धरतो. तेथेंहि चित्र प्रेक्षकांकडे चालत येतें, तेथेंहि प्रेक्षकाची दाद आणि कथेकऱ्याचा आवाज यांची देवघेव चालते. परंतु पुढचें चित्र केव्हां उघडावयाचें हें कथा ठरविते, प्रेक्षकाचा कंटाळा ठरवीत नाहीं. सारांश, प्रेक्षकास वाव देणें आणि प्रेक्षकाच्या लहरीपुढें मान तुकविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजच्या आभासी चित्रशाळा रचणारांनीं संगणक पश्चिमेकडून घेतला तसा हा विवेक पिंगुळीकडून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. ज्या आभासी लेण्यांत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावेंच लागतें, तें लेणें अधिक खरें होईल. मग त्यांत एकहि दगड नसेना कां.

‘खरें’ हा शब्द आलाच आहे, तर त्याचा थोडा शास्त्रीय विचार करणें प्राप्त आहे. आभास म्हटला कीं आपणांस वेदान्त्यांचा रज्जुसर्प आठवतो. अंधुक उजेडांत दोरी साप म्हणून दिसते, भीति वाटते, दिवा आणतांच साप नाहींसा होतो. येथें आभास म्हणजे चूक, आणि ज्ञान होतांच तो टिकत नाहीं. परंतु आमच्याच साहित्यशास्त्रांत आभासाचें दुसरें एक उदाहरण आहे, आणि तें अधिक मार्मिक आहे. काश्मीरांत नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला श्रीशंकुक रसाची मीमांसा करतांना चित्रांतल्या घोड्याचा दृष्टान्त देतो. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. अभिनवगुप्तानें त्याचें मत नमूद केलें म्हणून तें आपल्यापर्यंत आलें. चित्रांतला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ असें म्हणतों. हें ज्ञान खरें म्हणावें, तर त्यावर बसतां येत नाहीं. खोटें म्हणावें, तर आपण फसलेलों नसतों. घोडा आहे कीं नाहीं असा संशयहि आपणांस पडलेला नसतो. आणि ‘हें घोड्यासारखें कांहीं तरी आहे’ अशी तुलना करीतहि आपण बसत नाहीं. सम्यक्, मिथ्या, संशय व सादृश्य या चारी प्रकारच्या ज्ञानांहून निराळी अशी ही एक प्रतीति आहे. नटास राम म्हणून पाहणारा रसिक याच प्रतीतीच्या बळावर रडतो आणि हंसतो.

अभिनवगुप्ताच्या गुरूंनीं, भट्ट तौतांनीं, शंकुकाच्या उपपत्तीचें खंडन केलें हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि रसाची उपपत्ति म्हणून ती अपुरी ठरली तरी आभासी चित्रशाळेची नीति ठरविण्यास तिच्याइतकी उपयोगी कसोटी आम्हांस दुसरी दिसत नाहीं. आभासी लेणें जोंपर्यंत चित्रतुरग आहे तोंपर्यंत तें निर्दोष आहे, किंबहुना उपकारक आहे. पाहणारास तें लेणें म्हणून भावतें आणि तरी आपण कोठें आहोंत याचें भान सुटत नाहीं. परंतु ज्या क्षणीं तें रज्जुसर्प होऊं पाहतें, ज्या क्षणीं ‘हेंच तें’ असा भ्रम उत्पन्न करून तें मूळ वस्तूची जागा बळकावतें, त्या क्षणीं दोष लागतो. शांबरिक खरोलिका आपणांस शांबरिक म्हणवून घेत होती. ती चित्रतुरग होती. पंढरीच्या वारींतहि हाच विवेक आढळतो. गर्दीमुळें ज्याला आंत जातां येत नाहीं तो वारकरी कळसास हात जोडून परत फिरतो. आपण विठोबाचें मुख पाहिलें असें तो घरीं जाऊन सांगत नाहीं, आणि आपली वारी फुकट गेली असेंहि मानीत नाहीं. कळसाला कळस समजून केलेल्या नमस्कारांत लबाडी नाहीं आणि उणेपणाहि नाहीं. आभासी चित्रशाळा पाहून आलेल्या मनुष्यानें ‘मी कळस पाहिला’ असें म्हणावें, एवढीच आमची अपेक्षा.

ही कसोटी एखाद्या प्रत्यक्ष वस्तूस लावून पाहिल्यावांचून तिची धार कळणार नाहीं. सुदैवानें तशी वस्तु आमच्या शेजारींच आहे. चंद्रपुरांत लालपेठेच्या बाजूस उघड्यावर प्रचंड पाषाणमूर्तींचा एक समूह आहे. लोक त्यास अपूर्ण देवालय म्हणतात. गोंड राजांच्या काळीं रायप्पा नांवाच्या एका धनिक वैश्यानें मोठें मंदिर बांधण्याचें मनांत आणून या मूर्ती घडवून घेतल्या, आणि मंदिर उभें राहण्यापूर्वींच त्याचा काळ झाला, अशी परंपरेनें हकीकत सांगतात. त्यांतील दशमुखी दुर्गेची मूर्ति तर इतकी अवाढव्य आहे कीं, तिच्यासाठीं योजिलेलें गर्भगृह केवढें असतें याची कल्पनाच करावी. शिखर नाहीं, मंडप नाहीं, गाभारा नाहीं. आहेत त्या देवळाची वाट पाहणाऱ्या मूर्ती.

आतां समजा, एखाद्या हुषार तरुणानें संगणकावर रायप्पाचें देवालय पुरें केलें. आज हें अवघड नाहीं. मूर्तींचीं मापें घ्यावींत, वैनगंगेच्या कांठच्या मार्कंड्याच्या देवळांवरून शिखराची घडण उचलावी, दुर्गेस गाभाऱ्यांत बसवावें, समया लावाव्यात, आणि प्रेक्षकास महाद्वारांतून आंत न्यावें. तो मुलगा वाईट कांहींच करीत नाहीं. त्याचें कौतुकच व्हावें. परंतु त्या देवळाविषयींचें सर्वांत मोठें सत्य कोणतें? तें बांधलेंच गेलें नाहीं, हें. माणसाचा संकल्प आणि माणसाचें आयुष्य यांमधील अंतर त्या माळावर दगडांत कोरून ठेविलें आहे. संगणकानें तें अंतर बुजवून टाकलें तर रायप्पाचें स्वप्न पुरें होईल खरें, पण रायप्पाची गोष्ट नाहींशी होईल. म्हणून त्या तरुणास आम्ही इतकेंच सांगूं कीं, मंदिर अवश्य रच, पण पाहणारास प्रथम उघड्या आकाशाखालीं त्या मूर्तींजवळ उभा कर. मग तुझ्या कल्पनेच्या भिंती त्याच्यासमोर वर येऊं देत. आणि बाहेर पडण्यापूर्वीं त्या पुन्हां विरूं देत. म्हणजे आपण पाहिला तो चित्रांतला घोडा होता, हें त्याला कोणी न सांगतां कळेल. अजिंठ्याच्या भिंतींवरचीं पडलेलीं पोपडीं संगणकानें भरून काढणारांसहि हाच नियम लागू आहे. भरावें, पण भरलें कोठें तें दिसूं द्यावें. गिलाव्याबरोबर गळून पडलेलें चित्र हेंहि त्या लेण्याच्या चरित्राचें एक पान आहे.

येथें आणखी एका भ्रमाचा निरास करणें अवश्य आहे. आभासी वस्तूस वजन नसतें, ती हवेंत असते, तिला जागा लागत नाहीं, अशी आपली समजूत असते. आम्ही ज्या ऊर्जानगरांत राहतों तेथें ही समजूत टिकणें कठीण आहे. हें नगर महाऔष्णिक विद्युत् केंद्राच्या आसऱ्यानें वसलें. १९८३ पासून येथें वीज निर्माण होत आहे, आणि आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. भोंवतालच्या खाणींतून दगडी कोळसा येतो, इरई धरणाचें पाणी येतें, चिमण्यांतून धूर जातो आणि मागें राखेचे ढीग उरतात. पलीकडे ताडोबाचें रान सुरू होतें. मुंबई-पुण्याच्या एखाद्या दिवाणखान्यांत डोळ्यांवर चष्मा चढवून जो पॅरिसच्या दालनांत हिंडतो, त्याच्या त्या निर्वजन सहलीसाठीं कोठें तरी, कदाचित् आमच्याच दाराशीं, कोळसा जळत असतो. अजिंठ्याच्या बाबतींत तर या गोष्टीनें मोठी मार्मिक थट्टा केली. लेण्यांवरील गर्दीचा भार हलका व्हावा म्हणून पायथ्याशीं फर्दापूरच्या बाजूस १, २, १६ व १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृती उभारून २०१३ सालीं तें दर्शक-केंद्र खुलें करण्यांत आलें. पुढें कांहीं वर्षांनीं वीज व पाणी यांच्या थकबाकीपायीं तें बंद ठेवण्याची पाळी आली. अस्सल लेणें दीड हजार वर्षें विजेवांचून टिकलें, आणि त्याची नक्कल विजेच्या देण्यावर अडली! आभासी अजिंठ्यास तर विजेवांचून एक क्षणहि अस्तित्व नाहीं. म्हणून ज्यांना असें वाटतें कीं, एकदां सर्व कांहीं संगणकांत उतरवून घेतलें म्हणजे मूळ दगड पडला तरी चिंता नाहीं, त्यांनीं क्रिस्टल पॅलेसची आग आठवावी. प्रत ही मुळाची मुलगी असूं शकेल. ती त्याची विमापॉलिसी नव्हे.

या सर्व विवेचनांतून आमच्या मतें जो धोका उरतो तो नकलेचा नाहीं, समाधानाचा आहे. दूरचें जवळ आणणें हें या साधनाचें ब्रीद. परंतु त्याच वेळीं जवळचें दूर नेण्याचा त्याचा स्वभाव आहे. लूव्ह्रच्या संग्रहालयानें २०१९ सालीं मोनालिसाच्या समोर उभें राहण्याचा आभासी अनुभव तयार केला. तो घेतलेला विद्यार्थी आज कोणत्याहि शहरांत भेटेल. पण लालपेठेच्या मूर्तींपुढें दहा मिनिटें उभा राहिलेला चंद्रपूरचा विद्यार्थी शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. त्या मूर्तींना कोणी चष्म्यांत घातलेलें नाहीं, हें त्याचें कारण नव्हे. चष्म्यांत जग पाहण्याची संवय झालेल्या डोळ्यांस, जें आपल्याकडे चालत येत नाहीं तें पाहण्याजोगें नसावें, असें वाटूं लागतें, हें त्याचें कारण आहे. आणि ज्या वस्तूकडे कोणी जात नाहीं, तिच्या रक्षणासाठींहि कोणी जात नाहीं. ऊन-पाऊस, शेवाळ आणि शेजाऱ्यांची बेपर्वाई हीं मग आपलें काम सावकाश पण निश्चितपणें करतात.

तेव्हां आश्रमशाळेच्या त्या मुलीच्या डोळ्यांवर चष्मा चढवावा कीं नाहीं? आमचें उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. तिला पद्मपाणि दाखवावा, ड्रेस्डेन दाखवावें, लास्कोचे रानबैल दाखवावे. आजवर तिला जें नाकारलें गेलें त्याच्या भरपाईचा हा अल्पसा हप्ता आहे. परंतु चष्मा उतरविल्यावर तिच्या शिक्षकानें तिला दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. एक ही कीं, तूं पाहिलास तो कळस; मूर्ति अजून आंत आहे आणि तिच्यावर तुझा हक्क आहे. दुसरी ही कीं, तुझ्या गांवाजवळ, नदीच्या कांठीं किंवा जुन्या तटाच्या आडोशाला, अशी एक मूर्ति आहे जी तुझ्याकडे कधींहि चालत येणार नाहीं; तिच्याकडे तुलाच जावें लागेल. हक्क पहिल्या वाक्यांत आहे आणि कर्तव्य दुसऱ्या. जी आभासी चित्रशाळा आपल्या प्रेक्षकांस या दुसऱ्या वाटेस लावते ती शाळा या नांवास पात्र आहे. जी लावीत नाहीं ती कितीहि झगमगली तरी निवळ दुकान होय.